चाकूच्या दुकानात खुर्ची

वेतकाकूंना चाकू घ्यायचा होता. चाकू तो केवढा, तर मिटला की मुठीत मावेल आणि खिशात पडला की कळणारही नाही. पण काकांनी त्याला असा विरोध केला, जणू बायको तोफ आणायला निघाली होती. घरात 'चाकू' हा शब्द निघाला की ते उठून खिडकी लावायला जात, आणि खिडकी आधीच लावलेली असली तर उघडायला.

वेतकाकू हे नाव धंद्यावरून पडलेलं. खुर्चीच्या बैठकीला वेताच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते ना, उभी, आडवी, तिरपी, ती फाटली की खुर्ची काकूंकडे यायची. वडिलांकडून शिकलेलं काम. भावंडं आणखीही होती, पण एका जागी बसून तासन्‌तास एकच काम करायचा धीर फक्त हिच्यापाशी, असं वडील म्हणत. ते ऐकून घरातले बाकीचे हसत, कारण जिभेच्या बाबतीत काकूंकडे धीर औषधालाही नव्हता. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, जरा लवकर द्या ना, घरात बसायला खुर्ची नाही," की काकू वर न बघता म्हणायच्या, "मग तोवर उभे राहा. पायांना सवय राहते." गिऱ्हाईक फणफणत जाई आणि पुढच्या वर्षी दुसरी खुर्ची घेऊन येई. काय करणार? काकूंच्या बैठकीवर टिचकी मारली तर ती वाजायची. असं काम दुसरं कोणी करत नव्हतं.

आणि काकू म्हटल्या की खिशात चाकू आलाच. त्यांच्या प्रत्येक कपड्याला उजव्या बाजूला त्यांनी स्वतः शिवलेला खिसा असे, अगदी समारंभाच्या कपड्यालासुद्धा. वेताच्या पट्ट्या कापायला तर तो लागेच, पण पार्सलची दोरी, पेन्सिलचं टोक, औषधाच्या बाटलीचं न निघणारं झाकण, प्रवासात सफरचंद, सगळ्याला तोच. जिन्यात कोणाचं काही अडलं की लोक स्वतःच्या घरात चाकू शोधायच्या आधी काकूंची कडी वाजवत. काकू आधी चार शब्द सुनावत, मग चाकू काढत, आणि काम स्वतःच करून देत. चाकू दुसऱ्याच्या हातात कधी द्यायच्या नाहीत.

आता त्यांच्या कामातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच झाला. बैठक विणून झाली की पट्ट्यांची टोकं खालच्या बाजूला लोंबत राहतात, झिपऱ्यांसारखी. ती कापायची असतात. कोणीही शहाणा माणूस काय करेल? खुर्ची उलटी करेल, समोर दिसतंय तसं कापेल आणि मोकळा होईल. पण काकूंच्या वडिलांनी शिकवलं होतं की ओली वीण उलटी करायची नाही. वेत भिजवून विणतात, तो सुकताना आवळतो, आणि तो आवळत असताना खुर्ची डोक्यावर उभी केली की विणीत झोल येतो. म्हणून खुर्ची जशी आहे तशी ठेवायची, आपण जमिनीवर बसायचं, हात खालून घालायचा आणि बोटांनी चाचपत टोकं कापायची. डोळ्यांचं तिथे काही काम नाही. काकू हे करताना बहुतेक वेळा खिडकीबाहेर बघत असायच्या आणि शेजारणीशी भांडत असायच्या.

झोल खरंच येतो की नाही, देव जाणे. उलटी करून कापणारेही धंद्यात आहेत आणि त्यांच्या खुर्च्यांवरही माणसं बसतात. पण काकूंना हे सांगायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

तर त्या दिवशी संगीतशाळेतली खुर्ची होती. शाळेच्या सभागृहातल्या सगळ्याच खुर्च्या नव्याने विणायच्या ठरल्या होत्या, एवढं मोठं काम काकूंना आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि ही त्यातली पहिली. बैठक छान उतरली. काकूंनी हात खाली घातला आणि टोकं कापायला सुरुवात केली. एक पट्टी चिवट निघाली, जोर लावला, ती अचानक तुटली आणि हात मागे गेला. चाकूच्या पात्याची पाठ खुर्चीच्या चौकटीवर आपटली. साधा मिटायचा चाकू तो. उघडा राहायचा तो नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर. पाठीवर ठोसा बसला तसा मिटला, आणि मधे होतं काकूंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट.

टाके पडले. आतली शीर अर्धी कापली गेली होती, ती डॉक्टरांनी जोडली. बोट वाचलं, पण पुरतं मिटेना. मूठ वळली की बाकीची बोटं आत जात आणि हे एकटं अर्धवट वर राहत असे, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखं. डॉक्टर म्हणाले, "काम करा की. हळूहळू करा."

काका काही डॉक्टर नव्हते, त्यामुळे त्यांचं मत जास्त ठाम होतं. ते बसचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, स्वभावाने शांत, पण त्या दिवशी फरशीवरचं रक्त त्यांनी पुसलं होतं. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे तो चाकू भंगारवाल्याला देऊन टाकला. दुसरं, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात घातली. तेव्हापासून घरात भाजी चिरायचं काम काकांकडे आलं. बटाट्याचे ते दोनच तुकडे करत. कांद्याचे करत नसत. लेक जवळच्याच गल्लीत राहायची. ती एकदा जेवायला आली, ताटाकडे बघून म्हणाली, "बाबा, हे चिरलंय की नुसतं घाबरवलंय?"

काकूंनी काकांशी त्या चाकूवरून कडाक्याचं भांडण केलं. बोटापेक्षा चाकू गेल्याचं दुःख त्यांना जास्त होतं, असं सगळ्यांना वाटलं. काकांच्या हट्टामुळे काकूंचं काम बंद पडलं, असं जिन्यातल्या बायका बोलू लागल्या. काकूंनी तसं बोलू दिलं. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. एका दुपारी काका बाहेर गेले असताना त्यांनी शिवणाच्या डब्यातलं छोटं ब्लेड घेतलं, त्या अर्धवट खुर्चीपाशी बसल्या, आणि हात खाली घालायला गेल्या. हात गेला नाही. कोपरापाशीच अडकला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, इथे काकूंना पेला उचलताच येईना. त्यांनी ब्लेड डब्यात ठेवलं आणि काका परत आल्यावर त्यांच्याशी आणखी एक भांडण काढलं.

खुर्ची मग तशीच कोपऱ्यात राहिली, वरून राजबिंडी आणि खालून झिपरी. वीण कधीच सुकली होती. म्हणजे आता उलटी करायला हरकत नव्हती, हे काकूंनाही कळत होतं. लेक म्हणाली, काका म्हणाले, दूध द्यायला येणारी बाईसुद्धा म्हणाली, "उलटी करा आणि कात्रीने कापून टाका." काकूंनी एकदा केलीही उलटी. बघत राहिल्या आणि पुन्हा सरळ ठेवली. ही एक कापली तर पुढची ओली असणार, आणि तिच्या पुढची. रोज घाबरत काम करायचं असेल तर ते काम कशाला म्हणायचं? हट्ट होता का? होताच. त्याला दुसरं नाव कशाला द्यायचं? पण ह्याच हट्टावर आजवर घर चाललं होतं.

मग संगीतशाळेच्या मुख्य बाई आल्या. फार सज्जन बाई, बोलायच्याही सुरात. त्या म्हणाल्या, "काकू, तुमची तब्येत आधी. पण सभागृह असं किती दिवस ठेवू? एक जण फोम आणि रेक्झिन ठोकून देतो म्हणतोय. मला ते आवडत नाही. तुम्ही फक्त हो किंवा नाही सांगा, मी महिनाअखेरपर्यंत थांबते."

काकूंना 'नाही' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "हो, बघते." बाई गेल्यावर काकूंनी कोपऱ्यातल्या खुर्चीच्या बैठकीवर एक टिचकी मारली. मग काकांना म्हणाल्या, "अहो, मला चाकू घ्यायचाय. न मिटणारा."

"न मिटणारा म्हणजे सुरी," काका म्हणाले. "ती घरात आहे. कपाटात आहे." आणि ते खिडकीकडे गेले.

लेकीने मात्र मनावर घेतलं. चौकशी केली, मोबाइलवर शोधलं, आणि आईला लॉकचा चाकू मागवून दिला. पुडकं उघडलं तर आत काळंकुट्ट पातं, एका बाजूला करवतीसारखे दात, मुठीला रबर, कमरेला अडकवायची पकड आणि मागे काच फोडायचा खिळा. नाकापेक्षा मोती जड. काकूंनी तो खिशात टाकला, तर खिसा एका बाजूला गुडघ्यापर्यंत आला. "बाळा," त्या म्हणाल्या, "मला खुर्च्या विणायच्यात, दरोडा घालायचा नाही." लेक खो खो हसली आणि चाकू घेऊन गेली. पण तिने मुद्द्याची गोष्ट समजावून दिली होती. चाकूत लॉक असतं, पातं उघडलं की ते खाचेत बसतं आणि मागची पट्टी दाबल्याशिवाय चाकू मिटत नाही. काकूंच्या डोक्यात ते पक्कं बसलं.

जुन्या बाजाराच्या कोपऱ्यावर चाकू-कात्र्यांचं एक दुकान होतं. एका सकाळी काकूंनी चप्पल घातली आणि कोपऱ्यातली ती झिपरी खुर्ची उचलली.

"खुर्ची कुठे?" काकांनी विचारलं.

"चाकू घ्यायला."

"चाकू घ्यायला खुर्ची कशाला?"

"चप्पल घ्यायला पाय कशाला नेता?"

काकांनी खुर्ची हातातून घेतली आणि ते मागे मागे चालू लागले. बायकोला एकटीला चाकूच्या दुकानात जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. वेळ आली की हात धरून परत आणायचं. रस्त्यात ओळखीचे लोक विचारत, "काय काका, खुर्ची घेऊन कुठे?" काका म्हणत, "विचारू नका."

दुकानदार जाड भिंगांचा, हळू बोलणारा माणूस. काउंटरच्या काचेखाली चाकू मांडलेले, वर एक दिवा. काकूंनी खुर्ची दुकानाच्या मधोमध ठेवली. "रोज खिशात ठेवायला लहान चाकू हवाय," त्या म्हणाल्या. "लॉकचा. कुलूप पाठीवर हवं."

"लॉकबॅक," दुकानदार खुश होऊन म्हणाला. "आहेत की. आणि ही खुर्ची विकायचीय का?"

"ही बघणार आहे चाकू. मी नाही."

त्याने एक चकचकीत चाकू पुढे केला, शिंपल्यासारखी मूठ, पात्यावर नक्षी. काकूंनी तो हातात घेतला, उघडला. पट्टी टक्‌कन बसली. मग त्या गुडघे टेकून खुर्चीपाशी बसल्या. दुकानदार काउंटरवरून वाकला. "अहो ताई, कापून बघायचं नाही हं. वापरलेला चाकू मग माझ्याकडून कोण घेणार?"

"कापत नाही. ठोकून बघते."

काकूंनी मूठ अगदी शेवटाला धरली, बोटं पात्याच्या वाटेतून दूर ठेवून, आणि पात्याची पाठ चौकटीच्या कडेवर आपटली. अगदी त्या दिवशी आपटली होती तशीच. नक्षीचा चाकू एका फटक्यात मिटला.

आवाज लहानच होता, पण काकूंचा हात असा मागे आला जणू विस्तवाला लागला. चाकू फरशीवर पडला. काकांचा चेहरा पांढरा पडला. "झालं?" ते म्हणाले. "हेच बघायचं होतं ना? लॉक आहे म्हणे! चल घरी. खुर्च्या गेल्या खड्ड्यात."

काकू उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर पुन्हा बसल्या नसत्या, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. दुकानदाराने चाकू उचलला, उघडून लॉकची खाच डोळ्याजवळ धरून पाहिली, आणि तो काचेखाली ठेवायच्या ऐवजी ड्रॉवरमध्ये टाकला. मग काउंटरला वळसा घालून बाहेर आला. "ताई, हात बघू," तो म्हणाला. "कोणतं बोट?"

काकूंनी बोट दाखवलं, आणि मग काय हवंय ते एकदाचं सगळं सांगितलं. पातं लहान हवं, मोठं आत फिरत नाही. धार सरळ हवी आणि टोक खाली झुकलेलं, म्हणजे चाचपताना वरच्या विणीत टोचणार नाही. पातं उघडायची खाच लांब हवी, कारण पाण्यात आणि वेतात राहून नखं उरलेली नाहीत. मूठ लाकडाची, ओल्या हातातून न निसटणारी, पण खिशाला भोक न पाडणारी. आणि लॉक असं, की पातं पुन्हा बोटावर यायचं नाही.

दुकानदाराने दोन चाकू आणले. दोन्ही साधे, गडद लाकडाच्या मुठी, टोकांना पितळ. एकाची दाबायची पट्टी मुठीच्या मधोमध होती, दुसऱ्याची अगदी शेपटाशी. काकूंनी मधल्या पट्टीचा उघडून मिटवून पाहिला. पट्टी दाबताना त्यांचं ते न वळणारं बोट नेमकं पात्याच्या वाटेत पुढे येत होतं. त्यांनी तो बाजूला ठेवला. शेपटाला लॉक असलेला घेतला. इथे अंगठा मुठीच्या पार मागे, बोट मूठ धरून खाली, पातं मिटायला येतं तेव्हा वाटेत कोणी नाही. उघडला. डोळ्यासमोर धरून पातं हलवून पाहिलं. वर-खाली जराही डुलत नव्हतं. मिटवला तर पातं दोन्ही बाजूंना न घासता सरळ मधे बसलं.

"हा आहे खरा," दुकानदार हळूच म्हणाला. "मागणी नाही ह्याला. लोकांना दात आणि क्लिपा हव्यात."

काकूंनी पुन्हा मूठ शेवटाला धरली आणि पाठ चौकटीवर आपटली. चाकू उघडाच. आणखी जोरात आपटली. उघडाच. रस्त्यावरून जाणारी दोन-चार माणसं दारात थांबली होती, बाई खुर्चीला का मारतेय ते बघायला.

आता खरी मूठ धरायची होती. सगळी बोटं आत, काम करताना धरतात तशी. काकूंनी धरली. हात खुर्चीखाली नेला. आणि तो थांबला, तिथेच, कोपरापाशी. काकूंनी मान खाली घातली.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका लहान होता की काकांना आधी वाटलं दुसरंच कोणी बोललं. "मला भीती वाटते हो. तुमच्यामुळे नाही थांबले मी. मलाच जमत नव्हतं."

काका जागच्या जागी उभे राहिले. इतके महिने किल्ली खिशात बाळगून ते बायकोला अडवत होते, आणि बायको त्यांच्या आड लपून बसली होती. त्यांना वाईट वाटलं, रागही आला, आणि सगळ्यात जास्त म्हणजे तिची दया न येता तिचा कैवार घ्यावासा वाटला. गुडघे करकरले तरी ते तिच्याशेजारी फरशीवर बसले.

"माझी बस उतारावर घसरली होती, आठवतं?" ते म्हणाले. "भिंतीवर गेली होती. कोणाला लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी सीटवर चढेना. डेपोतला मेस्त्री होता, तोंडाळ, अगदी तुझ्यासारखा. म्हणाला, गाडी चालवू नकोस, फक्त ब्रेक दाब. उभ्या गाडीत. मला तो दाबायलाच लावत राहिला. पाय दुखला तरी सोडेना. पायाला जेव्हा कळलं की ब्रेक लागतोय, तेव्हा कुठे मी किल्ली फिरवली."

"मग?"

"मग आपट. कापू नकोस. नुसतं आपट. मी बसलोय इथे."

काकूंनी डोळे मिटले आणि आपटलं. सगळी बोटं आत असताना. टक्. चाकू उघडाच. काका म्हणाले, "परत." टक्. "जोरात गं, खुर्ची काय तुझी सासू आहे?" दारातली माणसं हसली. काकूंनी असं आपटलं की चौकटीला बारीक खूण पडली. चाकू हलला नाही. पुन्हा. पुन्हा. हळूहळू त्यांचा खांदा खाली आला, कोपर सैल झालं. आपटता आपटता त्यांनी डोळे कधी उघडले ते त्यांनाही कळलं नाही.

"हा घेतला," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "आता माझा झाला. आता कापते."

आणि हात आत गेला. दुसऱ्या हाताच्या बोटांना पहिलं टोक सापडलं, चिमटीत आलं, पातं त्याच्याखाली सरकलं आणि पट्टीचा तुकडा फरशीवर पडला. मग दुसरा. ते न वळणारं बोट आता मुठीच्या बाजूने सरळ पुढे टेकलं होतं आणि पात्याला वाट दाखवत होतं. त्याचा असा उपयोग होईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. काकू एका बाजूने फिरल्या, दुसऱ्या बाजूला आल्या. तुकडे पडत गेले. मधे एकदा पट्टी चिवट लागली, जोर लावला, ती तुटली, हात मागे आला आणि पाठ चौकटीवर आपटली. चाकू उघडाच. काकूंनी मान वर करून दारातल्या माणसांकडे पाहिलं.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या. "कामं नाहीत का घरी?"

काकांना ते शब्द इतके गोड लागले की त्यांना हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. इतक्या दिवसांत बायको कोणावर अशी ओरडली नव्हती. भांडली होती, पण ते घाबरलेल्या माणसाचं भांडण होतं. हा आवाज कामात असलेल्या वेतकाकूंचा होता.

शेवटचं टोक पडल्यावर काकूंनी अंगठ्याने मागची पट्टी दाबली, दुसऱ्या हाताने पातं मिटवलं, आणि चाकू खिशात टाकला. मग काकांचा हात धरून खुर्चीखाली नेला. "चाचपा. कुठे काही टोचतंय का बघा."

काकांनी तळहात बैठकीखालून फिरवला. सावकाश, कोपऱ्या-कोपऱ्यात. त्यांनी ह्याआधी कधी खुर्चीची खालची बाजू पाहिली नव्हती, हाताने तर नाहीच. कुठेही बारीकसं कुसळही लागलं नाही.

"काही नाही गं," ते म्हणाले. "काहीच नाही."

"मग बसा."

काका उठले, पॅन्ट झटकली आणि चाकूच्या दुकानाच्या मधोमध, दारातल्या त्या सगळ्या माणसांसमोर, खुर्चीवर बसले. वीण टणक होती. दुकानदाराने टाळी वाजवली, मग दारातल्या एकाने, मग बाकीच्यांनीही. काकूंनी पदराने तोंड पुसलं की लपवलं, ते कोणाला कळलं नाही. तुकडे गोळा करायला त्या वाकल्या, तर दुकानदार म्हणाला, "राहू द्या ताई, मी झाडतो." काकूंनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि सगळे गोळा करून ओंजळीत धरले.

"संगीतशाळेच्या बाईंना फोन करा," त्या काकांना म्हणाल्या. "सांगा, फोमवाल्याला नका बोलवू. बाकीच्या खुर्च्या उद्या नेतो म्हणावं. टेम्पो कोणाचा मिळेल?"

काका अजून बसलेलेच होते. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या कडांवर ठेवले.

"कोणाचाही मिळू दे," ते म्हणाले. "चालवतो मी."